मानशीची दारं

चोडणच्या खाजनात एक मानस आहे.
भरती आली की तिची लाकडी दारं
पाण्याच्याच रेट्यानं मिटतात,
ओहोटीला पाण्याच्याच रेट्यानं उघडतात.
दारात जाळं लावायचा हक्क दरवर्षी लिलावात जातो.
रुझारनं यंदा अठरा हजार मोजले, गावाला.
वर फळी कुजली तर फळी त्याची,
बांधाला भोक पडलं तर चिखलही त्यानंच थापायचा.

मी तिथं तीन वर्षं कुर्ल्या मोजल्या.
दर अमावास्येला.
कंदील रुझारचा,
रायबंदरची शेवटची फेरीबोट चुकली की जेवण त्याच्या बायकोचं,
पगार सरकारचा, म्हणजे
रुझारच्या काडेपेटीवरच्या करातलाही थोडा.

लेख झाला. पाठवला.
सात महिन्यांनी परीक्षक क्रमांक दोन उगवले:
चोडण हे नाव वाचकांना अपरिचित, गाळावे.
चिखल हा शब्द शास्त्रीय नाही.
आणि नॉर्वेच्या खेकड्यांवरचे पुढील सहा लेख
(सहाही एकाच माणसाचे)
संदर्भसूचीत नाहीत, याचे आश्चर्य वाटते.
मी सहाही घातले. त्यांचं आश्चर्य मावळलं.

मग करारनामा. सही इथं, इथं, आणि इथं.
आकृत्या त्यांच्या, तक्ते त्यांचे.
आकाशात चंद्र नव्हता, ते नसणंही त्यांचं.
माझं उरलं नाव.
तेही छापताना केंकरेची केणी झाली.

शेवटी विचारलं, अगदी अदबीनं,
खुला प्रवेश हवा का?
दोन लाख साठ हजार. कर वेगळा.
नको असल्यास काळजी नसावी,
लेख सुरक्षित राहील,
कोणीही वाचणार नाही.

ग्रंथपाल ब्रिजितबाईंनी वर्गणीचा आकडा
चष्मा लावून पाहिला, मग चष्मा काढून पाहिला.
प्राचार्यांनी कुर्ल्यांबद्दल काही विचारलं नाही.
"प्रभावांक?"
"दोन दशांश तीन एक चार."
"चार!" ते म्हणाले, आणि चहा मागवला.

रुझारला मी सहलेखक केलं होतं,
नातीचा ईमेल देऊन.
आता तिच्या फोनवर रोज पत्रं:
थोर व विद्वान डॉक्टर रुझार,
आमच्या हृदयशस्त्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकाचे
आपण संपादक व्हावे.
बँकॉकला दंतवैद्यांची परिषद आहे, तिथं बीजभाषण.
एकानं तर तपासायला लेखच धाडला.
"कितलें दितात?" त्यानं विचारलं.
काही नाही, म्हटलं. मान.
"मान?" त्यानं दाराच्या कुजक्या फळीकडं पाहिलं.
"टिकतो का, खाऱ्या पाण्यात?"

लेखाची प्रत माझ्या एका विद्यार्थ्यानं मिळवली,
कुठल्या आडवाटेनं, ते मी विचारलं नाही.
नात वाचत होती, अडखळत,
रुझार जाळं सांधत ऐकत होता.
आकृती तीनवर त्यानं सुई थांबवली.
"ऑक्टोबरची उमास. एकेचाळीस?"
"एकेचाळीस."
"बाय, त्या रात्री दोननंतर तू निजली होतीस.
मोजत मी होतो. त्रेसष्ट.
सकाळी सांगितलं, पण तुला बोट गाठायची घाई."

घरी येऊन वही काढली.
समासात, पेन्सिलनं, माझ्याच अक्षरात:
र. म्हणतो ६३.

दोन परीक्षक, एक संपादक, सात महिने
आणि नॉर्वेचे सहा लेख,
या सगळ्यांच्या पायांमधून
बावीस कुर्ल्या तिरक्या चालत निघून गेल्या होत्या.

"मग दुरुस्त कर," रुझार दुसऱ्या दिवशी म्हणाला,
आणि भरतीची वेळ झाली म्हणून उठला.
करते, म्हटलं.

शुद्धिपत्राचा दर
त्याला अजून सांगितलेला नाही.