कोट

डिसेंबरात लिएपायामध्ये पावणेचारलाच दिवस आटोपतो,
आणि आर्विड्स कामाला लागतो.
टेबल ओढून स्वयंपाकघराच्या मधोमध,
लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत एकच ट्यूलिप,
फ्लॅशच्या तोंडाला केक भाजायचा कागद
रबरबँडनं आवळलेला.
उजेड मऊ हवा, म्हणतो,
नाहीतर पाकळी थोबाडीत खाल्ल्यासारखी दिसते.

मी मागे.
दोन्ही हात वर करून
माझा काळा लोकरी कोट धरून उभी.

चाळीस वर्षं तो इस्पितळात एक्स-रे काढायचा.
खलाशांच्या बरगड्या, शाळकरी मनगटं,
एकदा एका पोरानं गिळलेलं बटण.
श्वास घ्या. धरा. सोडा.
काळ्यावर पांढरं, एवढंच बघितलं त्यानं आयुष्यभर.
निवृत्त झाला तेव्हा आठवडाभर बोलला नाही,
मग बाजारातून एक फूल आणलं
आणि त्याला म्हणाला,
हलू नकोस.

कोट दफनांचा आहे.
आमच्याकडे गेलेल्यांना सम फुलं नेतात,
दोन, चार, सहा. जिवंतांना विषम.
सासूबाईंची सहा कार्नेशनं याच कोटाला टेकली होती,
इल्गाच्या दोन शेवंत्या
कबरीपर्यंत पोचेतो गोठून काचेसारख्या झालेल्या.
आता त्याच कोटापुढे एक फूल.
म्हटलं, एक म्हणजे विषमच की रे.
तो म्हणाला, कोट हलतोय.

फट्ट.
लोकरीच्या कडेनं उजेड आत घुसतो,
मिटलेल्या पापण्यांत लाल राहतो जरा वेळ.
मग तो मला बघायला बोलावतो.
कॅमेऱ्यामागच्या इवल्या पडद्यावर ट्यूलिप असं,
जणू ते कधी कुठल्या टेबलावर नव्हतंच.
स्टोव्ह नाही. दोरीवरचे मोजे नाहीत.
उकडत्या बिटाची वाफ नाही.
मी नाही.
बघ, तो म्हणतो, किती निव्वळ काळोख!
मी बघते.
त्या निव्वळ काळोखात माझा डावा खांदा ठणकतोय.

एका फोटोत मात्र वरच्या कोपऱ्यात
चार बोटांची टोकं आली आहेत, नखांसकट.
‘वाया गेलेले’ नावाच्या फोल्डरात तो पडून आहे.
त्यानं पुसला नाही.
का, ते मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत तो रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेला असताना
वरच्या मजल्यावरचा राइविस आला,
स्क्रू ड्रायव्हर मागायला. फोटोग्राफीच शिकतो.
हसला. म्हणाला, कोट कशाला, आजी?
फ्लॅश फुलाच्या अगदी जवळ आणा,
भिंत चार पावलं लांब असू दे.
उजेड चालता चालता दमतो,
दुप्पट लांब गेला की चौथाई उरतो.
साखरेच्या भांड्यावर करून दाखवलं त्यानं.
डोक्यावर दिवा लागलेला, भिंत उभी,
भिंतीवर कॅलेंडर, कॅलेंडरात दंतवैद्याची तारीख,
आणि फोटोत साखरेचं भांडं, बस्स.
म्हणजे काळोख आणावा लागत नाही.
उजेड जिथवर पोचत नाही
तिथून तो सुरूच असतो.

आणि मी तीन हिवाळे हात वर करून.

सांगावं का? रात्री दोनदा तोंड उघडलं.
दोनदा पाणी प्यायले.

सकाळी तो ॲनिमोनची तीन फुलं घेऊन आला,
निळी, मधोमध काजळ.
एक बरणीत घातलं.
टेबलावर दोन उरली.
मला ती दोन काही बघवेनात.
त्याची पाठ वळल्यावर एक उचललं
आणि कोटाच्या आतल्या खिशात खोचलं,
जिथे अजून कुठल्यातरी दफनाचा
चुरगळलेला रुमाल आहे.

मग हात वर केले.

श्वास घ्या, तो म्हणाला, जुन्या सवयीनं,
मला की फुलाला, कोण जाणे.
घेतला.
धरा.
धरला.
सोडा म्हणायचं तो हल्ली विसरतो.