चेंडू

मिरकरवाड्याच्या इस्माईल फणसोपकरनं पाइप बसवला
आणि आत सोडायला चेंडू मागितला.
तबस्सुम गेलेली मिरजेला, नर्सिंगला.
तिचाच दिला, टेबलटेनिसचा.

श्रावणात आठ-आठ दिवस उघाड पडते.
कौलांवर खार, चुलीची काजळी,
कावळ्यांनी टाकलेले बांगड्याचे काटे.

मग सर येते.
आधीचं पाणी उभ्या पाइपात उतरतं
चहाच्या रंगाचं.
चेंडू चढतो, चढतो,
तोंडाशी गप्प बसतो.
तेव्हा कुठं टाकीत पाणी वाजतं.

सर ओसरली की मी खालचं झाकण फिरवते.
आठ दिवसांचं छप्पर
अळवाच्या मुळाशी जातं.
शेवटी आत
टक्.

मिरजेहून फोन आला
की आधी बराच वेळ मेसच्या डाळीला शिव्या.
मी मध्ये बोलत नाही.