मिनिटाला साठ

मंगळवारी कत्तलखान्यातून हृदय येतं,
स्टीलच्या डब्यात, बर्फात.
डुकराचं. माझ्या मुठीहून थोडं मोठं.
नऊ दिवस आम्ही ते आतून धुतो
धमनीला नळी लावून, साबणाच्या पाण्याने.
आधी लाल उतरतं, मग गुलाबी, मग नुसतं गढूळ.
उरतं ते पांढरं, एकही पेशी नसलेलं.
काळजाचं पाणी होणं म्हणतात,
ते मी रोज बादलीने ओतते.

तार्तूच्या या इमारतीत
चार विभागांची माणसं एका टेबलाशी बसतात
आणि एकच शब्द वापरतात : ताण.
काइदोला तो भागाकार वाटतो, बल भागिले क्षेत्रफळ.
मारेटच्या मते, मरण्याआधीचं पेशींचं वागणं.
इंद्रेक फळ्यावर नऊ घरं आखतो
आणि खडू झटकत म्हणतो, सोपं आहे.
अनुदान मार्चमध्ये संपतंय
हे कुठल्याच घरात बसत नाही.

पंपाच्या सरळ धारेने झडपा फाटत होत्या.
दोन हृदयं तशीच गेली.
मग कुणीतरी उर्मासला आणलं,
सामूहिक शेतावर चाळीस वर्षं
दूध काढायची यंत्रं दुरुस्त करणारा.
त्याने पंपाला कान लावला.
म्हणाला, गाय असती तर लाथ मारली असती.
पिशवीतून एक काळा पल्सेटर काढला, फडक्याने पुसला.
ओढायचं, सोडायचं. मिनिटाला साठ.
सोडलं नाही तर आचळ सुजतं.

झडपा टिकल्या.
शोधनिबंधात त्याच्या नावापुढे
कोणता विभाग लिहायचा
यावर दोन बैठका झाल्या.

आज नव्या पेशी पेरून अकरावी रात्र.
बाहेर नदी गोठलेली, खिडकीत माझाच चष्मा.
तीन चाळीसला मी पल्सेटर बंद करते,
नियमाप्रमाणे, वीस सेकंद.
खालच्या टोकाशी काहीतरी हललं.
की टेबल? की माझा हात?
नोंदवहीत यासाठी रकाना नाही.

या वेळी जागा असलेला
एकच माणूस मला ठाऊक आहे,
गाई विकून बारा वर्षं झाली तरी.
पहिल्याच रिंगला उचलतो.
बंद करून बघितलंस?
बघितलं.
परत बघ, म्हणतो. फोन ठेवू नकोस.