बुटाच्या खाचांतला डोंगर

स्वरूपा मे महिन्यात आली,
कूलरपुढे पाय सोडून बसली.
"मोठेबाबा, तुमच्यासाठी दगड नाही आणला.
माल्व्हर्नच्या टेकड्यांवरून काही उचलायचं नसतं.
तशी पाटीच आहे तिथं."
म्हटलं, बरं केलं.
पाटी वाचणारं एक तरी माणूस निघालं आपल्या घरात.

एकतीस वर्षं सेमिनरी हिल्सच्या हापिसात
मी दगडांचे काप काढले,
केसाहून पातळ,
उजेड आरपार जाईल असे.
साहेब लोक डोंगर फिरायचे,
मी घासत बसायचो.

ती झोपली तेव्हा तिचे बूट उलटे केले,
तळव्याच्या खाचांतून चमच्यानं माती खरवडली.
चिमूटभर, तांबूस.
"काय करून राहिले हो भाऊजी?"
"डोंगर पाहून राहिलो."

भिंगाखाली गुलाबी फेल्स्पार,
अभ्रकाची एक टिकली,
गवताचं मूळ, आणि बहुतेक मेंढीचा केस.
सदुसष्ट कोटी वर्षं, म्हणजे
आपला काळा दगड याच्यापुढे कालचं पोर.
पण बर्डीच्या टेकडीखाली,
तोफांच्या, मेट्रोच्या, चपलांच्या सेलच्या खाली
पट्ट्यापट्ट्यांचा नाईस निजलाय,
तो याचाही आजा.
त्याच्यावर लष्कराचा पहारा आहे.
त्याच्यासाठी नव्हे, पण आहे.

टाकळीला तेवढंही नव्हतं.
एक लाव्हा थिजला, दुसरा यायचा होता,
मधल्या फुरसतीत तिथं तळं साचलं,
तळ्यात गोगलगायी झाल्या.
हरबऱ्याएवढी त्यांची दगडी घरं
मी पोरपणी खिशात भरून आणायचो.
आता तिथं लेआउट पडलं.
कुणाच्या तरी स्वयंपाकघराखाली
ते तळं अजून दुसऱ्या लाव्ह्याची वाट पाहतंय.

माती मी ओल्या बोटानं परत खाचांत दाबली.
न विचारता घेतलेली वस्तू.

संध्याकाळी रामटेकला जायचं म्हणून
स्वरूपानं बूट नळाखाली धरले.
तांबडं पाणी काळ्या फरशीवरून
थोडं रेंगाळलं, मोरीत गेलं,
मोरीतून नाल्यात, नाल्यातून नाग नदीत,
मग कन्हान, मग वैनगंगा,
मग माहीत नाही कुठल्या गाळात.

मी काही बोललो नाही.
नाल्याला पाटी नसते.