कच्चं पान

वरून फॉर्म आलाय. नववी ब, विद्यार्थी सत्तावीस.
प्रत्येकापुढे तीन चौकोन:
प्रेरणा कमी, मध्यम, उच्च.
निळ्या शाईने एकातच खूण करावी.
शेवटी अर्धी ओळ मोकळी:
सामाजिक दबाव, असल्यास.

असल्यास!
पोलादाच्या कारखान्याखाली राहणाऱ्याला विचारावं
धूर, असल्यास.

मी झाउरेश. तेमिरताऊच्या या शाळेत
एकोणीस वर्षं बीजगणित शिकवते.
फेब्रुवारीत खिडकीबाहेरचं बर्फ काळं पडतं,
पोरं त्यावर बोटाने नावं गिरवतात,
नावं पांढरी उमटतात.

येर्केझानपुढे काय लिहू? उच्च?
पाचाखालचा गुण तिने पाहिलेला नाही.
पण तिच्यापाशी आहे त्याला धाक म्हणतात.
आई पालकांच्या ग्रुपवर तिचे गुण टाकते,
आजोबा पाहुण्यांत तिची गुणपत्रिका फिरवतात,
मग मेंढ्याचं डोकं येतं, आणि कान कापून तिला देतात;
लहानांनी ऐकणारं व्हावं म्हणून.
इतके कान खाल्लेत पोरीने
की स्वतःचं काही ऐकूच येत नाही आता.

मिरास पहिल्या तासाला झोपतो. कमी.
रात्रपाळीहून बाप येईपर्यंत
दोघी धाकट्यांच्या वेण्या तोच घालतो.
वेण्या सरळ असतात. मी पाहिल्यात.

कामिलाला उत्तर येतं. हात कोपरापर्यंत उठतो,
मागच्या बाकावर कुणी खाकरतं,
आणि हात केस सारखे करायला वळतो.
याला भीड म्हणू? भीड मोठ्यांची असते.
समवयस्कांच्या भिडेला वेगळा शब्द हवा होता,
जरा जास्त धारदार.

इथे घरोघरी एकच शब्द पुरतो: उयात.
लाज म्हणा, शरम म्हणा,
पण या लाजेत शेजारीही बसलेले असतात,
चहाचे पेले हातात घेऊन.

आणि दारखान.
तीनच्या वर कधी गेला नाही. मध्यम, मी खूण करणार होते.
तेवढ्यात त्याच्या उत्तरपत्रिकेतून कच्चं पान घसरलं.
सगळी गणितं बरोबर. सगळी.
शेवटच्या वर्गमूळापर्यंत, नीट, घाई न करता.
मग पक्क्या पानावर उतरवताना
मोजून चार ठिकाणी चिन्हं बदललेली,
अधिकाचं उणे,
जसं कुणी शहाणं माणूस
गल्लीत शिरण्याआधी चांगला कोट उलटा घालतं.

बोताँ म्हणतात पुस्तकी किड्याला इथली पोरं.
मागच्या वर्षी ज्याला म्हटलं
त्याची टोपी महिनाभर बॉयलरच्या छपरावर होती.

तास संपल्यावर त्याला थांबवलं.
कच्च्या पानावर लाल शाईने पाच दिले,
वहीत तीन चढवले.
तो काही बोलला नाही. पान चार घड्या घालून
बुटात सरकवलं आणि गेला.

मी बरोबर केलं का, ठाऊक नाही.
लपायला मदत केली, की श्वास घ्यायला?
मुख्याध्यापिकेला कळलं तर म्हणतील,
झाउरेश, हे तर खोटं दप्तर.
खोटंच आहे. फॉर्मही कुठे खरा आहे.

पुढच्या परीक्षेत पक्क्या पानावर पुन्हा चार चुका,
इमानाने केलेल्या.
कच्चं पान मात्र आपणहून वर ठेवलेलं,
आणि तळाशी, रेघ मारून,
मी न घातलेलं एक गणित.
त्यानेच रचलेलं. अर्ध्यावर अडलेलं.
शेजारी लहान अक्षरात: इथून पुढे?

फॉर्म उद्या द्यायचाय.
सव्वीस खुणा झाल्या, खऱ्या-खोट्या.
त्याच्या ओळीवर पेन टेकवून बसले होते,
मग फॉर्म बाजूला सारला
आणि ते गणित सोडवायला घेतलं.
रात्रीचे अकरा वाजलेत.
मीही त्याच पायरीवर अडलेय.