एकशे बारावी चौकट

ग्रिम्झबीत नोव्हेंबरात चारलाच अंधारतं,
कॉलेजच्या तळघरात सकाळीच.
दोनशे सहा धडे माझ्या नावावर,
सगळे फ्लॅशमधले, सगळे मुके.
उघडायला जावं तर राखाडी चौकोन
आणि मधोमध जिगसॉचा एक तुकडा,
जणू उरलेलं चित्र मीच खिशात घालून फिरतेय.

मूळ फाइली?
आउथवेटच्या मशीनवर होत्या.
मशीन?
भंगारात.
आणि आउथवेट?
फिलिपाने खांदे उडवले, चहाचा कप तसाच हातात.

म्हणजे शिजलेल्या भातातून
तांदूळ परत काढायचे.
बसले.

धडा एकाहत्तर: फाटलेलं जाळं सांधणं.
दोन हात, एक लाकडी सुई, हिरवा दोरा,
आणि त्याचा आवाज, खरबरीत, इकडचाच,
"आवळू नका इतक्यात."
मागे कुठेतरी किटली शिटी वाजवते,
त्यानं ती कापली नाही.
चित्रांना त्यानं नावं दिलेली:
हात. हात नवा. हात खरंच नवा.
आणि एकाचं नुसतं, मॉरीनला विचार.

चौकट एकशे बारा.
इथे काहीच नाही, असं वरवर वाटतं.
पण आत चाळीस ओळींचा कोड दबा धरून बसलेला:
विद्यार्थी वीस सेकंद हललाच नाही
तर एक सीगल यावा,
टोपलीतला मासा उचलावा,
जावा.
ना प्रश्न, ना गुण.

फिलिपा म्हणाली, उद्दिष्टात बसत नाही, गाळ.
तिचं चुकत नव्हतं.

बाबा मिरजेच्या कचेरीत मोडी लावायचे.
बोरू न उचलता लिहिलेल्या वाटण्या, सारा, भांडणं,
एकेक अक्षर सोडवून बाळबोधीत.
कुणा कारकुनानं दुपारी कंटाळून
समासात मांजर काढलेलं.
बाबांनी स्वच्छ प्रतीत, त्याच जागी, लिहिलं:
'समासात मांजर.'
साहेबांनी विचारलं, हे कशाला?
म्हणाले, कागदावर आहे.

नव्या नियमांत एक गोष्ट मला आवडते.
प्रत्येक चित्रामागे शब्द हवेत,
ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्यासाठी.
जुने धडे चालत होते तेव्हाही
कॅलमला एवढंच ऐकू यायचं:
बटण. बटण. बटण. बटण.
त्यातलं कुठलं दाबलं की आउथवेट बोलेल, देव जाणे.
अख्खा समुद्र, आणि बटण.

गाठ शब्दांत मांडायला गेले
तर कळलं, मला गाठ येतच नाही.
गोदीजवळच्या दुकानातून सुई आणली, दोरा आणला,
खुर्चीच्या पाठीवर अख्खा रविवार घालवला.
अकराव्या खेपेला वाक्य बसलं,
आणि गाठही.

सीगल ठेवला. आता सात ओळींत येतो.
त्याच्यामागे लिहिलं: 'सीगल. मासा पळवतो.'
फिलिपाला सांगितलं नाही.
विचारलंच तर सांगेन, कागदावर आहे.

गुरुवारी कॅलम आला, हेडफोन लावले,
गाठीपाशी थांबला, हात मांडीवर.
वीस सेकंद.
मग मान वर करून म्हणाला,
"कुठला मासा?"

मी चित्र मोठं करून पाहिलं.
नऊ ठिपके, राखाडी, त्यातला एक जरा उजळ.
हॅडॉक असेल. कॉड असेल.
पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवली:
मॉरीनला विचार.

मॉरीन कोण,
ते अजून कुणी सांगितलेलं नाही.