आरव

अँगलसी बेटाच्या पश्चिम काठाला
मेंढ्यांचं कुरण संपतं आणि समुद्र सुरू व्हायच्या आधी
थोडी जागा उरते.
तेवढ्यात हा ट्रॅक वळवून वळवून बसवलाय.
सकाळचे साडेसात. वारा असा,
की स्टँडवरच्या गाड्यासुद्धा अंग चोरून उभ्या.

गेथिन प्रॉदेरो, वय त्रेसष्ट,
व्हॅनमधून आपली जुनी सहाशे सीसी उतरवतो.
एकतीस वर्षं त्यानं काउंटीच्या रस्त्यांवर पांढरा रंग ओतला:
वळणाआधी, शाळेआधी, चढ संपतो तिथं,
पुरुषभर लांबीची चार अक्षरं.
आरव.
वेल्शमध्ये आरव म्हणजे हळू.

निवृत्तीला गँगमधल्या पोरांनी वर्गणी काढून
हा दिवस त्याला भेट दिला.
कार्डावर लिहिलं होतं, ‘आता जरा जोरात.’

तो हेडलाइटवर चिकटपट्टी लावतो.
आरसे काढतो, फडक्यात गुंडाळतो,
लोणच्याच्या बरण्या असाव्यात तसे सीटवर टेकवून ठेवतो.
‘मागं बघायचं नाही,’ सूचना देणारा सांगतो,
‘मागचा तुम्हाला सांभाळेल. तुम्ही पुढच्याला सांभाळा.’
गेथिन मान डोलावतो,
पण त्याला हे काही पटलेलं नाही.

मग आवाजाची तपासणी.
एक बाई, तोंडात बिस्किट, सायलेन्सरमागं यंत्र धरून.
‘वाढवा. अजून. अजून.’
गाडी ओरडते, कुरणातली एक मेंढी मान वर करते.
बाई आकडा लिहिते, टाकीवर हिरवा ठिपका चिकटवते.
हा आपल्या मराठीतला आरव.

नवशिक्यांचा गट. पुढं हेलेद,
सव्वीस वर्षांची, नारिंगी जाकीट, पाठीवर सात.
हात मागं नेऊन ती आपल्या सीटवर दोनदा थापटते:
या माझ्यामागं.
तो जातो. पण नजर खाली.
इथं डांबराला जोड आहे.
इथली खडी एक नंबर मोठी.
इथं पाणी मुरतंय, दोन हिवाळे, मग भेग.

‘तुमचं काही पडलंय का?’
हेल्मेट काढता काढता हेलेद विचारते.
तो हसतो. काय सांगणार.
‘बघाल तिकडं गाडी जाते. वळणात शिरतानाच
ते सुटतं कुठं ते बघा. हनुवटी फिरवा.
गाडी येईल मागून,
तिला दुसरं कुठं जायचंय?’

तिसऱ्या सत्रात लाल झेंडा.
रेक्समचा एक सुतार खडीत आडवा.
उठला, आधी इंजिन बंद केलं,
हातमोज्यातले खडे झटकले,
आणि मग एकदम खाली बसला,
कुणी नाव विचारल्यावर आठवू नये तसा.
सगळे पिटमध्ये चहा पीत थांबले.
कुणी काही बोललं नाही,
फक्त प्रत्येकानं आपापल्या टायरवरून हात फिरवला.

चौथं सत्र. ऊन तिरपं.
चढ संपतो तिथं गेथिनच्या मनगटाला
जुन्या सवयीनं वाटलं, इथं लिहायला हवं होतं.
कुणीच काही लिहिलेलं नव्हतं.
हनुवटी फिरली. वर आली.
आणि समुद्र,
अख्खा, डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत,
सकाळपासून तिथंच होता की काय.
गुडघा जमिनीला लागला नाही. लागायचा नव्हताच.
पण वळण संपलं तेव्हा
आपण डांबराचं काही पाहिलंच नाही
हे त्याला पुढच्या वळणात कळलं.

परतीला व्हॅन, तीस मैलांनी.
शाळेच्या वळणाआधी त्याचीच अक्षरं.
ती ओढून ताणून लिहावी लागतात;
वर उभं राहिलं तर नुसते पांढरे पाय दिसतात,
शब्द दिसतो तो लांबून येणाऱ्याला.
हजारदा तो यावरून गेला असेल.
आज लांबूनच वाचला.
मधल्या अक्षराचा पाय झिजलाय.
त्यानं एक्सिलरेटर सोडला.

घरी मेन्ना विचारते, कसा गेला दिवस?
तो नखानं व्हायझरवरचे किडे खरवडतोय.
बराच वेळ खरवडतो.
‘डांबर चांगलं होतं,’ म्हणतो.